वनभूमीचे संपादन आणि ग्रामसभेचा अधिकार

(जव्हार व मोखाडा तालुक्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांवर पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो, ओढे-नाले दुथडी भरून वाहतात. परंतु एप्रिल उजाडला की याच डोंगरांवरील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. उतारावरील झाडे गेली की माती वाहून जाते आणि पावसाचे पाणी मुरत नाही. मग झरे आटतात. म्हणून येथे वनभूमीचे रक्षण हा पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे. त्यासाठी जमीन सक्तीने संपादन करावी काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो.

१९७५ चा अनुभव

सार्वजनिक हितासाठी मोबदला देऊन खाजगी जमीन घेण्याचा अधिकार शासनास आहे. पंचायतीस जमीन हवी असल्यास तिने प्रस्ताव द्यावयाचा असतो. संपादनाची कार्यवाही जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. वनसंरक्षणासाठी या अधिकाराचा सर्वांत व्यापक उपयोग महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ अन्वये झाला. ३० ऑगस्ट १९७५ पासून राज्यातील खाजगी वने शासनाकडे निहित झाली. कायदेशीर लागवडीखालील, कमाल मर्यादेच्या आतील जमीन यातून वगळण्यात आली होती. तरीही लहान खातेदारांचा प्रश्न उरलाच. म्हणून पुढे दुरुस्ती करून, ज्यांची एकूण धारणा १२ हेक्टरांहून कमी होती, त्यांना जमीन परत देण्याची तरतूद करावी लागली. नागली-वरईच्या एका तुकड्यावर ज्याचे वर्ष निघते, त्याच्या दृष्टीने नकाशावरील एक रेषाही जीवनमरणाची असते, हा त्यातील बोध होय.

आजचा कायदा

हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार अशा क्षेत्रात शक्यतो संपादन करू नये. अन्य पर्याय न उरल्यासच ते करावे, आणि त्यासाठी संबंधित ग्रामसभेची अथवा पंचायतीची पूर्वसंमती घ्यावी, असे बंधन आहे. सक्ती हा येथे शेवटचा उपाय ठरतो.

तथापि ग्रामसभा हतबल नाही. वनहक्क कायदा, २००६ मधील कलम ५ अन्वये वन, वन्यजीव व जैवविविधता यांचे रक्षण करण्याचा, पाणलोट क्षेत्रे व जलस्रोत सुरक्षित राखण्याचा अधिकार तिला प्राप्त झाला आहे. गावाने परंपरेने राखलेल्या वनावर सामूहिक वनहक्काचा दावा करता येतो. त्यासाठी कोणाचीही जमीन काढून घ्यावी लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेऊन वनाचे व्यवस्थापन करते.

प्रत्येकाचे कर्तव्य

पंचायत सदस्यांनी प्रथम पाड्यापाड्यांतील वृद्धांना बरोबर घेऊन झरे, देवराया, चराऊ जागा व मोहाची झाडे यांची शिवारफेरी करावी. नंतर ग्रामसभेत ठराव करून दावा उपविभागीय समितीकडे सादर करावा. तिच्या छाननीनंतर अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समिती देते. शिक्षकांनी नकाशा व नोंदी तयार करण्यास साहाय्य करावे. अधिकाऱ्यांनी गावनकाशे व जुने अभिलेख मागितल्याबरोबर उपलब्ध करून द्यावेत. कागदाअभावी दावा अडून राहू नये. २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के निधीचा वाटा थेट देण्याची पद्धत सुरू झाली. वनीकरण व पाणलोटाची कामे त्या निधीच्या प्रयोजनांत अंतर्भूत आहेत.

वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी बांधवांनी हे डोंगर पिढ्यान् पिढ्या ओळखले आहेत. त्यांना दूर सारून राखलेले वन फार काळ टिकणार नाही. त्यांच्या संमतीने व हक्काने राखलेले वन मात्र झरे जिवंत ठेवील, आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन मैलोगणती चालणाऱ्या भगिनींचे कष्ट कमी करील. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय अग्रक्रमाने यावा, हीच अपेक्षा.