लघवीचा त्रास : सहन करण्याचा नव्हे, सांगण्याचा



चैत्र-वैशाखात लघवीला जळजळ होऊ लागली की मराठी माणूस ‘उन्हाळे लागले’ असे म्हणतो आणि धने-जिऱ्याचे पाणी पितो. त्यात वावगे काही नाही. घामावाटे शरीरातील पाणी गेले की लघवी कमी व दाट होते; पाणी वाढविले की पुष्कळदा जळजळ थांबते. परंतु उन्हाळा सरून आवणीचे दिवस आले तरी त्रास हटत नाही, तेव्हा दोष ऋतूचा नसतो. डहाणू तालुक्याच्या डोंगराळ भागातील सायवनसारख्या गावी हा त्रास अंगावर काढण्याकडेच कल असतो. म्हातारपण आले, बाळंतपणे झाली, उष्णता वाढली अशी कारणे घरातच ठरतात.

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारणपणे 300 ते 500 मिलिलिटर लघवी साठते. साठविणे आणि वेळ येताच पूर्ण रिकामे होणे, ही त्याची दोन कामे. साठविण्यात बिघाड झाला तर वारंवार जावे लागते, घाई होते, कधी वाटेतच कपडे ओले होतात. रिकामे होण्यात बिघाड झाला तर कुंथावे लागते, धार बारीक होते, जाऊन आल्यावरही काही राहिल्यासारखे वाटते. पुरुषांच्या अशा सर्व तक्रारी पूर्वी प्रोस्टेट ग्रंथीच्या माथी मारल्या जात. 1994 साली पॉल अब्रॅम्स या ब्रिटिश शल्यविशारदांनी ही सवय सोडावी, असे सुचविले. कारण या तक्रारी स्त्रियांनाही असतात आणि पुरुषांतही त्यांचे मूळ दरवेळी प्रोस्टेटमध्येच असते असे नाही. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मधुमेह, मुतखडा, मज्जातंतूंचे विकार, यांपैकी काहीही कारण असू शकते.

स्त्रियांची अडचण अधिक बिकट आहे. या भागातील अनेक कुटुंबे पावसाळा संपताच वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर कामाला जातात. तेथे आडोसा नसतो. मग बाई दिवसभर पाणी पीत नाही आणि अंधार पडेपर्यंत लघवी दाबून ठेवते. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर लांबीचा असतो. जंतूंना वर चढण्यास तेवढी वाट पुरते. एरवी लघवीच्या प्रवाहाबरोबर जंतू धुतले जातात, पण पाणीच कमी घेतले तर ते धुणेही घडत नाही. कमी पाणी पिणे हा त्रास टाळण्याचा मार्ग वाटतो, प्रत्यक्षात तो त्रासाला आमंत्रण ठरतो. अशा बाईला ‘पाणी भरपूर पी’ एवढेच सांगणारा उपदेश पोकळ आहे; कामाच्या जागी आडोसा उभारणे हाही औषधोपचाराचाच भाग समजावयास हवा.

हे दुखणे किती झाकलेले असते, याची कल्पना गडचिरोली जिल्ह्यावरून यावी. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला, त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. तो अभ्यास लघवीच्या विकारांचा नव्हता, पण ओठ शिवून ठेवणारा संकोच तोच.

रात्रीची गोष्ट निराळी. पन्नाशी उलटलेल्या पुरुषात प्रोस्टेट वाढून मूत्रमार्गावर दाब येऊ लागतो आणि झोप दोन-तीनदा मोडते. शहरात दोन पावलांवर संडास असतो. कुडाच्या घरातील म्हाताऱ्याला अंगण ओलांडावे लागते, तेही पावसाळ्यात, अनवाणी. पडून मांडीचे हाड मोडणे किंवा पायाखाली घोणस, फुरसे येणे हे या आजाराचेच परिणाम होत, मग कागदोपत्री त्यांची नोंद ‘अपघात’ अशी का होईना. उशाशी बॅटरी व पायात वहाणा असाव्यात. संध्याकाळनंतर चहा व दारू टाळावी. मात्र रात्री उठावे लागण्यामागे मधुमेह किंवा हृदयविकारही असू शकतो, म्हणून तपासणी टाळू नये.

एक गैरसमज घातक आहे. लघवी सतत थेंब थेंब गळते, म्हणजे ती होते आहे, असे घरचे धरून चालतात. कित्येकदा मूत्राशय तुडुंब भरून वरचेवर सांडत असते, आणि मागे तुंबलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडांना निकामी करीत असतो. लघवी एकदम बंद होऊन ओटीपोट दुखू लागले, लघवीतून रक्त गेले किंवा थंडी वाजून ताप आला, तर भगताकडे रात्र घालवू नये. कासा येथील उपजिल्हा रुग्णालय गाठावे. तुंबलेली लघवी नळीने काढता येते. प्रोस्टेटच्या त्रासावर गोळ्या आहेत. त्या न पुरल्यास मूत्रमार्गातूनच, पोट न फाडता, शस्त्रक्रिया करता येते. काही गोळ्यांनी रक्तदाब उतरतो, म्हणून अंथरुणातून चटकन उठू नये. हसताना-खोकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामाने पुष्कळ आराम पडतो.

डॉक्टर तक्रारींचे मोजमाप सात प्रश्नांच्या तक्त्यावर करतात. प्रत्येकाला 0 ते 5 गुण, एकूण 35. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी हेच प्रश्न चित्रांतून विचारण्याची पद्धत 2011 साली मांडली. भिंतीवर चित्रे काढून आपले जग सांगणाऱ्या वारली समाजाला ती परकी वाटू नये. तोवर एवढे तरी करता येईल : तीन दिवस भिंतीवर कोळशाने रेघा ओढाव्यात, दिवसाच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या, आणि आरोग्य केंद्रात जाताना त्या मोजून जावे.