हसून झाल्यावर

विनोदी लेखक राजकीय चळवळीत उतरला की आपण दोनपैकी एक वाक्य हमखास बोलतो: ‘कशाला पडला त्या भानगडीत?’ किंवा ‘चला, शेवटी गंभीर झाला.’ अमेरिकेचे नॉर्मन लिअर ५ डिसेंबर २०२३ रोजी, वयाच्या १०१व्या वर्षी गेले. त्यांना ही दोन्ही वाक्यं लागू पडत नाहीत. गंभीर ते पहिल्यापासूनच होते. ‘ऑल इन द फॅमिली’ ही त्यांची मालिका जानेवारी १९७१मध्ये सुरू झाली. तिच्यातला आर्ची बंकर म्हणजे पूर्वग्रहांचं चालतंबोलतं गाठोडं. काळे, ज्यू, बायका, कोणीही त्याच्या तोंडून सुटायचं नाही, आणि जावई रोज त्याच्याशी वाद घालायचा. त्यांच्याच ‘मॉड’ या मालिकेत तर १९७२च्या नोव्हेंबरात सत्तेचाळिशीच्या नायिकेनं गर्भपाताचा निर्णय घेतला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा गर्भपाताबद्दलचा प्रसिद्ध निकाल त्यानंतर दोन महिन्यांनी आला. एवढं सगळं टीव्हीवर बोलता येत असताना हा माणूस संघटना काढायला का गेला, हा माझा आजचा प्रश्न. माझं उत्तर असं की विनोद माणसं गोळा करतो, पण त्यांचं मत बदलेलच याची हमी देत नाही. घरात फोडणी पडली, मोहरी तडतडली, हिंगाचा वास सुटला की सगळे स्वयंपाकघराकडे वळतात. पण पोट भरतं ते वरणानं, आणि डाळ वेगळी शिजवावी लागते.

पुरावा द्यायचा तर १९७४ सालचा एक अभ्यास आहे. नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिका आणि कॅनडातल्या प्रेक्षकांना आर्चीबद्दल विचारलं. ज्यांच्या मनात मुळात पूर्वग्रह जास्त होते, त्यांना आर्चीच आवडत होता, वादात तोच जिंकतो असं वाटत होतं. म्हणजे हसले सगळेच, पण ज्याची थट्टा चालली होती त्याच्याच बाजूनं कित्येक जण हसले. यावर तुम्ही म्हणाल, विनोद इतका निरुपयोगी असता तर सत्तेला तो झोंबला का असता? झोंबला हे खरंच. मालिकेच्या एका भागातल्या समलिंगी पात्रावरून अध्यक्ष निक्सन वैतागून बोललेले व्हाइट हाउसच्या ध्वनिफितींवर आहेत. पण चर्रर्र आवाज झाला म्हणजे डाळ शिजली असं होत नाही. १९७५मध्ये ‘फॅमिली अवर’च्या नावाखाली संध्याकाळच्या मालिकांवर बंधनं आली, तेव्हा लिअर यांनी त्यावर एखादा खुसखुशीत भाग लिहून समाधान मानलं नाही. लेखकांच्या संघटनेबरोबर ते कोर्टात गेले आणि १९७६मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. तो पुढे वरच्या कोर्टात टिकला नाही, ही गोष्ट वेगळी.

पुन्हा सांगतो, कारण नेमकी हीच गोष्ट ऐकताना निसटते: लिअर यांनी विनोदाचा त्याग केला नाही, त्यांनी त्याची मर्यादा ओळखली. १९७९मध्ये धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांची ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना उभी राहिली. टीव्हीवरचे धर्मोपदेशक कोणता मतदार चांगला ख्रिस्ती हे ठरवू लागले. लिअर यांच्या मनात त्यांच्यावर एक उपहासात्मक चित्रपट होता. तो बाजूला ठेवून १९८०मध्ये त्यांनी टीव्हीसाठी छोटी जाहिरात केली. एक साधा कामगार सांगतो, आमच्या घरातच राजकारणावर एकमत नाही, मग मतावरून कुणाची श्रद्धा खोटी कशी ठरवता? त्या जाहिरातीतून ‘पीपल फॉर द अमेरिकन वे’ ही संघटना वाढली. बार्बरा जॉर्डन यांच्यासारख्या माजी खासदार तिच्या संस्थापकांत होत्या. फोडणी इथेही होती, पण या वेळी खाली डाळ शिजत होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. १९८७मध्ये रॉबर्ट बोर्क यांच्या सर्वोच्च न्यायालयावरच्या नेमणुकीविरुद्ध याच संघटनेनं अभिनेते ग्रेगरी पेक यांच्या आवाजात जाहिरात दाखवली. सिनेटनं ५८ विरुद्ध ४२ मतांनी नेमणूक फेटाळली. टीकाकार म्हणाले, हा एकतर्फी प्रचार झाला. होय, मालिकेत आर्चीलाही तोंड होतं, जाहिरातीत प्रतिपक्षाला नव्हतं. हे नुकसान मी नाकारत नाही. पण न्यायाधीश जन्मभर खुर्चीवर राहणार असेल, तर उघडपणे बाजू घेणं हे आडून टोमणे मारण्यापेक्षा प्रामाणिक नाही का? पैशाचा मुद्दा तर राहिलाच. अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची १७७६ सालची छापील प्रत २०००मध्ये लिअर आणि एका भागीदारानं ८० लाख डॉलरांहून जास्त देऊन घेतली, देशभर फिरवली, आणि पुढे तरुणांच्या मतदार नोंदणीची मोहीम काढली. श्रीमंताच्या पैशानं उभी राहिलेली चळवळ लोकांची कधी होते, यावर बोलायला हवं होतं, पण समोरून वेळ संपल्याची खूण झाली आहे. तेव्हा एवढंच. पुढाऱ्यावरचा विनोद दहा जणांना पाठवून कर्तव्य झालं असं मानणाऱ्यांनो, रागावू नका, पण मतदारयादीत आपलं नाव आहे का, ते पाहिलंत का?