इसार देण्याआधी गवंडी न्या

आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून जुनं घर घ्यायचं ठरवलं. भिंतींना नवा रंग, घर कसं चकचकीत! त्या इसार द्यायला निघाल्या, तेव्हा आम्ही म्हटलं, थांबा, आधी गवंडीदादांना दाखवू. त्यांनी भिंतीवर टकटक केलं, तर गिलावा पोकळ वाजला. कपाटामागे ओलीचे डाग, तुळईला वाळवी. शौचालयाचा खड्डा तर विहिरीला लागूनच! रंगाचा डबा बरंच काही झाकतो, बाई.

कागदही बघितले. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीची नोंद, तो मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून खरेदीखत मागितलं. मालक म्हणाले, शोधतो. ताईंनी इसाराचे पैसे परत गटात ठेवलेत. आता पहिला पाऊस पडला की आम्ही पुन्हा छत बघायला जाणार आहोत.