वर्षं साठणारं अर्धवेळ काम

नाशिक रोडला नोकरी म्हटलं की वर्षानुवर्षं दोन वाटा डोळ्यांसमोर येतात. एक प्रेसची. १९२५ साली इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस आला, १९२८ साली नोटांचा छापखाना, आणि घराघरांतला डबा पाळीच्या वेळेवर भरला जाऊ लागला. दुसरी वाट पंचवटी एक्स्प्रेसची. १९७५ पासून इथली माणसं सकाळी ही गाडी पकडून १८० किलोमीटरहून लांब मुंबईला कामावर जातात आणि रात्री परततात. पण घरात तान्हं मूल असेल, सासरे अंथरुणाला खिळलेले असतील, किंवा स्वतःच्याच प्रकृतीला दिवसभराची दगदग झेपत नसेल, तर या दोन्ही वाटा बंद. मग अर्धवेळ काम शोधायचं, आणि ते मिळालं की चारचौघांकडून ऐकायचं, "चला, हातखर्च तरी सुटेल."

हे बोलणं मला पटत नाही. अर्धवेळ कामातून पुरती कारकीर्द उभी राहते, आणि तिचा दाखला आपल्याच वसाहतींमधून हिंडतो आहे. पोस्टाच्या आरडीचे हप्ते गोळा करणाऱ्या एजंट बाई आठवा.

या एजंट बाई ज्या योजनेखाली काम करतात, ती महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ साली सुरू झाली. या बाईंचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. नेहरूनगर, जेल रोड, उपनगर असा ठरलेला टापू. पिशवीत रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा. दारात उभ्या उभ्या पैसे मोजायचे, कार्डावर रक्कम लिहायची, तिथल्या तिथे सही करायची. घरी आल्यावर संगणकावर यादी तयार करायची. रोख रकमेची यादी वीस हजारांच्या आत बसवायची, आणि सकाळी पोस्टाच्या खिडकीवर भरणा.

या कामाला महिन्याची स्वतःची एक लय आहे. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलेल्या खात्याचा हप्ता १५ तारखेच्या आत भरावा लागतो, नंतर उघडलेल्या खात्याचा महिनाअखेरपर्यंत. म्हणजे घाईचे दिवस आधीच ठाऊक असतात. मुलाची परीक्षा, सासूबाईंची डॉक्टरची फेरी, सगळं त्या दिवसांच्या मधल्या जागेत बसवता येतं.

आता मिळकत. जमा केलेल्या रकमेवर ४ टक्के कमिशन. दोनशे खाती आणि प्रत्येकी हजार रुपये धरले, तर महिन्याला २ लाख जमा होतात आणि बाईंच्या हाती ८ हजार येतात, करकपात झाली तर थोडे कमी. त्यात घर चालत नाही, पेन्शन नाही, आजारपणाची रजा नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. २०११ साली अल्पबचतीचा आढावा घेणाऱ्या श्यामला गोपीनाथ समितीनं हे कमिशन टप्प्याटप्प्यानं १ टक्क्यावर आणा, असं सुचवलं होतं. सरकारनं ते ४ टक्केच ठेवलं. ते योग्यच झालं.

मग मी याला कारकीर्द का म्हणते? आरडीची मुदत पाच वर्षांची, साठ हप्त्यांची. मुदत संपली की तेच घर त्याच बाईंकडे नवं खातं उघडतं. हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया भुर्दंड बसतो, ओळीनं चार हप्ते चुकले आणि पुढच्या दोन महिन्यांत ते भरले नाहीत, तर खातं बंद पडतं, शंभर रुपयांचे बारा हप्ते एकदम आगाऊ भरले तर एकूण चाळीस रुपये सूट मिळते. हे सगळं ज्या बाईंना तोंडपाठ असतं, त्यांना विचारल्याशिवाय त्या घरात पैशाचा निर्णय होत नाही. कामाच्या विसाव्या वर्षी बाईंचे तास पहिल्या वर्षाइतकेच असतील, पण त्यांच्या शब्दाला आलेलं वजन कितीतरी जास्त असतं. त्यांची वर्षं साठत गेलेली असतात.

अर्धवेळ कामाची पारख मला इथेच करावीशी वाटते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे पाहा. तीही अर्धवेळच नोकरी, शिक्षण भरपूर, शिकवण्याची ओढ खरी. पण नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती, आणि पुढच्या सत्रात पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. दहा वर्षं शिकवलेला माणूस नव्यानं आलेल्याशेजारी त्याच रांगेत बसतो. दुखणं कमी तासांचं नाही, मागची वर्षं कोणी धरत नाही याचं आहे. याची मला मनापासून चीड येते.

जगात यावर विचार झालेला आहे. अर्धवेळ कामगाराला पूर्णवेळ कामगाराच्या तोडीचं संरक्षण मिळावं, असा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९४ साली केला. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही. नेदरलँड्समध्ये २००० साली कायदा झाला, आणि आहे त्याच पदावर राहून तास कमी करून मागण्याची सोय झाली. तिथल्या निम्म्याहून अधिक नोकरदार स्त्रिया अर्धवेळ काम करतात, त्यात डॉक्टर आहेत, शिक्षिका आहेत.

आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत काही गोष्टी हातात आहेत. नेमणुकीचं पत्र मागून घ्या, त्यात तास लिहून घ्या. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो, आणि काम अर्धवेळ आहे एवढ्या कारणावरून कुणाला त्यातून वगळता येत नाही. दरवर्षी अनुभवाचा दाखला घ्या. आणि उरलेल्या वेळाचा काही भाग शिकण्याला द्या. १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच नाशिकला, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ते उभं राहिलं.

आणि नाशिक रोडवरच्या दवाखान्यांना, सीएंच्या कचेऱ्यांना, क्लास चालवणाऱ्यांना एक विनंती. तुमच्याकडे रोज चार तास हिशेब लिहिणाऱ्या ताई असतील, तर येत्या एप्रिलमध्ये त्यांचा दर ठरवताना त्यांनी तुमच्याकडे काढलेली वर्षंही धरा.