महाविद्यालयाचे उपाहारगृह आणि शेतकऱ्याचा माल
(ज्ञातिमंडळाच्या सानपाडा येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आज आपण जेथे जमलो आहोत, त्या खाडीकाठी एके काळी भातखाचरे आणि मिठागरे होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. सानपाडा त्यांपैकीच एक. १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी प्राण वेचले, त्यानंतर पुढे साडेबारा टक्के भूखंडाचा हक्क पदरी पडला. भूखंड आले; नांगर मात्र गेला तो गेलाच.

आज आपली मुले महाविद्यालयात जातात, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु दुपारी ती खातात काय? वडापाव, तळलेले पदार्थ आणि बाटलीतील गोड पाणी! हाकेच्या अंतरावर तुर्भ्याच्या बाजार समितीत रोज भाजीपाल्याच्या गाड्या उतरतात. त्यांतले आपल्या मुलांच्या ताटात कितीसे पडते? आवारात असले निकृष्ट खाद्य विकू नये, अशा सूचना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ व २०१८ साली दिल्या. पण नुसत्या मनाईने पोट भरत नाही. त्या जागी दुसरे काय ठेवावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव मिळाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवीत. पुढे ‘कमवा व शिका’ योजनेत विद्यार्थ्यांनी शेतात राबून शिक्षण घेतले. पोटाची आणि विद्येची फारकत कर्मवीरांनी कधी मानली नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांच्या कृषिउद्योगाचे पहिले गिऱ्हाईक व्हावे. आठवड्यातून एक दिवस उपाहारगृह विद्यार्थ्यांच्या गटाकडे द्यावे. त्यांनी कर्जत-पनवेलच्या शेतकऱ्यांकडून तांदूळ, नाचणी, भाजी थेट घ्यावी, भाकरी-उसळ करून विकावी आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनी हिशेब ठेवावा. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. हे शास्त्र मुलांनी पुस्तकात वाचावे आणि ताटातही पाहावे.

कोणी म्हणतील, भाकरीला कष्ट फार आणि नफा थोडा. खरे आहे. म्हणूनच प्रारंभी एकच दिवस मागावा, आणि पहिल्या वर्षाचे भांडवल मंडळाच्या शिक्षणनिधीतून बिनव्याजी द्यावे. मात्र ते केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांपुरते नसावे. साताऱ्याची ती पंक्ती आम्हांस विसरता येत नाही.

जमीन परत येणार नाही. पण पिकाची पारख, मालाची खरेदी आणि अन्नाचा मान ही विद्या अजून आपल्या वडीलधाऱ्यांपाशी आहे. ती त्यांच्याबरोबर जाण्याआधी मुलांच्या हाती द्यावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.