गुण आला, पण कशाने? : बोरेज या वनस्पतीवरील संशोधन

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनी आरोग्याच्या विषयावर चार शब्द सांगावेत, अशी आपल्या चिटणीसबाईंची सूचना आली, तेव्हा मी मुद्दामच एक परका विषय निवडला. विषय परका असला तरी तो आपल्या कपाटापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. परदेशी राहणारी मुले-मुली सुट्टीत घरी येताना आईसाठी, सासूबाईंसाठी पिवळसर तेलाच्या कॅप्सूलांची बाटली घेऊन येतात. तिच्यावर ‘बोरेज ऑईल’ किंवा ‘स्टारफ्लॉवर ऑईल’ असे लिहिलेले असते. ही कॅप्सूल इसबावर, सांधेदुखीवर, स्तनांतील दुखण्यावर आणि पाळीपूर्वीच्या त्रासावरही चालते, असे सांगितले जाते. एकाच कॅप्सूलकडून इतक्या अपेक्षा ठेवल्या जात असतील, तर तिची थोडी चौकशी करणे हे आपले कामच आहे.

प्रथम या वनस्पतीची ओळख करून घेऊ. शास्त्रज्ञ तिला बोरागो ऑफिसिनॅलिस म्हणतात. भूमध्य समुद्राच्या भोवतालचा प्रदेश हे तिचे माहेर. दोन-तीन फूट उंचीचे, वर्षभरात आयुष्य संपणारे हे रोप असते. पाने खरखरीत व लवदार, आणि फूल निळे, पाच पाकळ्यांचे, चांदणीसारखे. कोवळे पान चुरगळले तर काकडीचा वास येतो. मधमाश्यांना हे फूल फार आवडते. इटलीच्या लिगुरिया प्रांतात याच्या पानांचे सारण भरून पदार्थ करतात, स्पेनच्या आरागोन भागात देठांची भाजी करतात, आणि जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या प्रसिद्ध हिरव्या चटणीत ज्या सात पाल्या पडतात, त्यांत बोरेज ही एक असते.

आपल्याकडे नावांचा मात्र मोठा घोटाळा आहे. आपल्या कुंडीत लावलेला पानओवा, ज्याच्या जाड पानांची आपण भजी करतो, त्याला इंग्रजीत ‘इंडियन बोरेज’ म्हणतात. पण पानओवा हा तुळशीच्या कुळातला. त्याचा वास ओव्यासारखा आणि त्यातील द्रव्येही वेगळी. बोरेजच्या तेलाविषयी जे संशोधन झाले, ते पानओव्याला मुळीच लागू पडत नाही. दुसरे नाव गावजबान. हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ गाईची जीभ. युनानी औषधांत त्याचा खमिरा प्रसिद्ध आहे. आपल्या बाजारात या नावाने बहुधा ओनोस्मा नावाची वनस्पती मिळते आणि इराणात एकियम नावाची. या दोन्ही बोरेजच्या कुळातल्या खऱ्या, पण बोरेज नव्हेत. विशेष म्हणजे ज्याचे लोणचे आपण घालतो ते भोकरही याच कुळातले! कूळ एक म्हणून गुण एक, असे कोणी म्हणू लागले तर भोकराचे लोणचे इसबावर द्यावे लागेल. तेव्हा पहिला धडा असा, की औषधी वनस्पतीविषयी काही ऐकले, तर नेमकी कोणती वनस्पती आणि तिचा कोणता भाग, हे आधी विचारावे.

युरोपात बोरेजची जुनी ख्याती मन प्रसन्न करणारे फूल म्हणून होती. जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतितज्ज्ञाने १५९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही तिचा हा गुण वर्णिलेला आहे. इराणी लोक गावजबानच्या फुलांचा काढा याच कारणासाठी घेत आले आहेत. तेथील संशोधकांनी त्याची परीक्षाही केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उदासीनतेच्या विकाराचे ३५ रुग्ण होते. चौथ्या आठवड्यात काढ्याच्या अर्काचा गट सरस दिसला, पण सहाव्या आठवड्यात तो फरक ठळक राहिला नाही. प्रयोग लहान, वनस्पतीही सख्खी नव्हे तर चुलत. त्यावरून बोरेजला प्रमाणपत्र देता येत नाही.

आजचा सारा गवगवा आहे तो पानाफुलांचा नव्हे, तर बियांच्या तेलाचा. या तेलात गॅमा लिनोलेनिक आम्ल नावाचा एक स्निग्ध घटक शेकडा २० ते २५ इतका असतो. ईव्हिनिंग प्रिमरोज या दुसऱ्या फुलझाडाच्या तेलात तो शेकडा ८ ते १० असतो. आता या घटकाचे महत्त्व काय? आपल्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते. ते पोटात गेल्यावर शरीर त्याचे रूपांतर प्रथम या गॅमा लिनोलेनिक आम्लात करते, आणि पुढे त्यापासून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. दाह, सूज, वेदना, गर्भाशयाचे आकुंचन अशा अनेक क्रियांवर प्रोस्टाग्लँडिनांचा ताबा असतो. त्यांवरील कार्याबद्दल बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन या तिघा शास्त्रज्ञांना १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. काही लोकांच्या शरीरात ही पहिली पायरी मंद चालते. त्यांना पुढच्या पायरीवरचा पदार्थच आयता दिला तर दाह कमी होईल, असा विचार पुढे आला. विचार सुसंगत होता. परंतु पाककृती वाचायला चांगली असली म्हणजे पदार्थ चांगला होतोच असे नाही. तो करून आणि चाखून पाहावा लागतो.

आणि येथेच आपल्या भाषेतील एका शब्दाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. आपण सहज म्हणतो, “मला त्या औषधाने गुण आला.” एखाद्या डॉक्टरांविषयी म्हणतो, “त्यांच्या हाताला गुण आहे.” या दुसऱ्या वाक्यात आपण नकळत कबूल करतो, की बरे वाटण्याचे श्रेय सर्वस्वी औषधाचे नसते. धीर, विश्वास, आपुलकीची विचारपूस यांनीही माणसाला बरे वाटते. शिवाय इसबासारखा रोग ऋतूप्रमाणे वाढतो आणि ओसरतो. तो अगदी विकोपाला गेला म्हणजे आपण नवे औषध आणतो, आणि तो ओसरण्याची वेळही तेव्हाच आलेली असते. त्यातच साबण बदललेला असतो, अंगाला खोबरेल लावणे सुरू झालेले असते. मग गुण आला हे खरे, पण तो कशाने आला?

या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी संशोधक एक साधी युक्ती योजतात. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडतात. एका गटाला खरे औषध, दुसऱ्याला दिसायला हुबेहूब पण निरुपद्रवी कॅप्सूल. कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना. शेवटी यादी उघडून पाहायचे. धीर दोघांनाही मिळालेला असतो, ऋतूही दोघांना तोच. म्हणून दोन्ही गटांत जो फरक उरेल, तेवढाच औषधाचा.

इंग्लंडमधील नन्इटन येथील रुग्णालयात इसबाच्या सुमारे १४० रुग्णांवर, मुले आणि मोठी माणसे मिळून, बोरेज तेलाचा असा प्रयोग झाला आणि त्याचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनंतर तेल घेणाऱ्यांना थोडे बरे वाटले होते. पण खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांनाही बरे वाटले होते, आणि तेही मुळीच कमी नाही! त्याच वर्षी हॉलंडमधील एका प्रयोगाचा निष्कर्षही आला. ज्या आयांना स्वतःला इसब, दमा यांसारख्या विकारांचा इतिहास होता, अशा आयांच्या ११८ बाटलीच्या दुधावरील बाळांना पहिले सहा महिने हे तेल देण्यात आले, किंवा त्याऐवजी दुसरे. वर्षाच्या वयाला दोन्ही गटांतील इसबाच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. पुढे २०१३ साली कॉक्रेन या नामांकित संस्थेच्या आढाव्यात ईव्हिनिंग प्रिमरोजचे १९ आणि बोरेजचे ८ असे २७ प्रयोग व १५९६ रुग्ण एकत्र विचारात घेतले गेले. निष्कर्ष असा, की इसबासाठी ही तेले पोटात घेऊन, खोट्या कॅप्सूलपेक्षा अधिक उपयोग होत नाही.

स्तनांतील दुखण्याविषयी आपल्यापैकी अनेकींना आस्था वाटेल. या बाबतीत बोरेजची नव्हे, तर तिच्या भावंडाची, ईव्हिनिंग प्रिमरोज तेलाची परीक्षा झाली. हॉलंडमध्ये १२० स्त्रियांवर केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते साध्या तेलापेक्षा सरस ठरले नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधील औषध नियंत्रण खात्याने इसब आणि स्तनवेदना यांवरील ईव्हिनिंग प्रिमरोजच्या औषधांचे परवाने, पुरेसा गुण सिद्ध होत नाही म्हणून, काढून घेतले. मला यात पैशांपेक्षा मोठा धोका दिसतो तो वेळेचा. स्तनात गाठ लागत असेल, स्राव येत असेल, कातडी ओढल्यासारखी दिसत असेल, तर बाटली संपेपर्यंत वाट पाहत बसणे परवडणारे नाही. संकोच बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे.

मग या तेलात काहीच तथ्य नाही काय? तसेही नाही, आणि न्याय दोन्ही बाजूंनी केला पाहिजे. सांध्यांना सूज आणणारा जो ऱ्हुमॅटॉइड संधिवात, त्याच्या ३७ रुग्णांवर अमेरिकेत झालेला प्रयोग १९९३ साली प्रसिद्ध झाला. २४ आठवडे तेल घेतलेल्यांचे दुखरे सांधे शेकडा ३६ ने कमी झाले. सरकीचे तेल घेणाऱ्या गटात तशी सुधारणा दिसली नाही. नंतरच्या आढाव्यांतही या प्रकारच्या तेलांचा या संधिवातात काही उपयोग होतो, असे मत नोंदविले गेले आहे. पण येथे गृहिणीचा हिशेब उपयोगी पडतो. त्या प्रयोगात रोज १.४ ग्रॅम गॅमा लिनोलेनिक आम्ल दिले होते. एक ग्रॅम तेलाच्या कॅप्सूलमध्ये ते २०० ते २५० मिलिग्रॅम असते. म्हणजे रोज सहा-सात कॅप्सूल, आणि त्या सहा महिने! रोज एक कॅप्सूल घेऊन “संशोधनाने सिद्ध झाले आहे” असे म्हणणे म्हणजे चिमूटभर साखरेत शिरा गोड होईल म्हणण्यासारखे आहे. शिवाय हे तेल डॉक्टरांच्या औषधाच्या जोडीला. त्याच्या जागी नव्हे. हा संधिवात सांधे झिजवितो. मूळ औषध सोडले तर गेलेला सांधा परत येत नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. बोरेजच्या पानाफुलांत पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. ती दीर्घकाळ पोटात गेली तर यकृताला अपाय करतात. हे केवळ पुस्तकी भय नव्हे. १९७५ साली त्या वेळच्या मध्य प्रदेशातील आणि आताच्या छत्तीसगडमधील सरगुजा जिल्ह्यात गोंदली या बारीक भरडधान्यात खुळखुळ्याच्या वर्गातील रानझाडाच्या बिया मिसळल्या गेल्या. खुळखुळा बोरेजच्या कुळातला नव्हे, पण द्रव्ये याच जातीची. यकृतातील बारीक शिरा बंद होऊन चार गावांतील ६७ जण आजारी पडले, त्यांतील २८ दगावले. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानेही २००१ साली बोरेजच्याच कुळातील कॉम्फ्री ही वनस्पती असलेली पोटात घेण्याची उत्पादने बाजारातून काढण्याची सूचना केली होती. बोरेजमध्ये हे प्रमाण फार कमी आहे. कधीतरी चार पाने खाल्ली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण पाल्याचा काढा औषध म्हणून महिनोन् महिने घेऊ नये. आपल्या बांधावरची भुरुंडी याच कुळातली आहे. कोणी सांगितले म्हणून तिचा रस पोटात घेऊ नये. नीट शुद्ध केलेल्या तेलात ही द्रव्ये उरत नाहीत, पण तसे बाटलीवर स्पष्ट लिहिलेले असावे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, यकृताचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करण्याचे औषध चालू असणाऱ्यांनी हे तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

भगिनींनो, घरातील आजारपणाचा भार बहुतांशी आपल्यावरच असतो. कोणाला काय द्यायचे, हे पुष्कळदा आपणच ठरवितो. म्हणून यापुढे कोणतेही नवे औषध, मग ते परदेशी बाटलीतले असो की शेजारणीच्या परड्यातले, घरात येईल तेव्हा चार प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेऊ या. ही वनस्पती नेमकी कोणती आणि तिचा कोणता भाग? कोणत्या दुखण्यावर, किती मात्रेत, किती दिवस तिची परीक्षा झाली? ती परीक्षा तुलनेने झाली काय, म्हणजे समोर खोट्या औषधाचा गट होता काय? आणि ती कोणी घेऊ नये?

हे प्रश्न विचारल्याने कोणाचा अनादर होत नाही. मुलीने प्रेमाने आणलेल्या बाटलीचाही नाही. तिचे प्रेम खरेच असते, आणि त्या प्रेमानेही थोडा गुण येतो. फक्त तो गुण तेलाच्या नावावर मांडू नये, आणि त्याच्या भरवशावर चालू औषध बंद करू नये, इतकेच माझे सांगणे.