आजारी जवान आणि आपली ओंजळ



कॅन्सर म्हटले की घर हबकते. पण आपल्या काटेवाडीचे शरद पवार यांना २००४ साली हा रोग झाला, तरी उपचार घेऊन ते पुन्हा कामाला लागले.

आजारी माजी सैनिकासाठी वर्गणी काढण्याआधी त्याचे कागद पाहावेत. पेन्शनीत आलेल्या जवानासाठी २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना आहे. त्याचे कार्ड काढलेले असावे. १५ वर्षे भरण्याआधी पेन्शनीशिवाय घरी आलेल्याला सहसा ते मिळत नाही. त्याने पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करावा. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला जमणारा ध्वजदिन निधी अशांच्या मदतीसाठी आहे.

मग आपण काय द्यायचे? परळच्या टाटा इस्पितळात नवऱ्याजवळ राहणाऱ्या बाईचे जेवणखाण, तिची बुडालेली मजुरी, मागे राहिलेल्या लेकरांची सोय. यंदा संक्रांतीच्या वाणाचे पैसे त्यासाठी काढून ठेवू. हिशेब चोख ठेवू, पण घेणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहायचे नाही. सीमेवर उभे राहताना त्याने आपली नावे विचारली नव्हती.